ताईने बाहेर काढलेली गाडी

ताई,

घरात मी तुला कायम 'तुम्ही' म्हटलं आणि गाडीत 'तू'. धाकट्या जावेनं मोठीला एकेरी हाक मारायची नाही, ही आपल्या सासूबाईंची शिस्त. त्या गेल्या तरी ती मोडायला माझी जीभ धजावली नाही. पण गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की तू म्हणायचीस, "आता तू म्हण गं, इथं कोण ऐकतंय?" मग चाकणपर्यंत तू, आणि संध्याकाळी पिंपळे गुरवात शिरलो की परत तुम्ही. आज तुला जाऊन महिना होत आलाय. हे घरातच बसून लिहितेय, पण तूच म्हणणार आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. सुनंदाबाई कष्टाळू होत्या, सोशिक होत्या, त्यांनी घर धरून ठेवलं. सगळं खरंच होतं, पण ते ऐकताना मला वाटत राहिलं की हे कुणा दुसऱ्याच बाईबद्दल चाललंय. शेवटच्या रांगेत रेखा बसली होती आणि तिच्या शेजारी मंगलमावशी. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत होतो. गाडीचं नाव कुणी घेतलं नाही. आम्हीही उठून बोललो नाही. चार माणसांत माइक हातात घेऊन सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, आणि सांगायची ठरवली असती तर तिला दिवस पुरला नसता.

दादांनी ती गाडी घेतली तो दिवस तुला आठवत असेल. मोठ्या दिरांना मी पहिल्यापासून दादाच म्हणते. आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांचे पत्रे ठोकले, एक आपल्या दारात असावी, एवढंच त्यांचं म्हणणं. पांढरी गाडी आली, समोरच्या काचेवर निळं स्टिकर लागलं, सगळे मिळून विहारात जाऊन आलो आणि परत आल्यावर तिच्यावर राखाडी कव्हर चढलं. ते दर रविवारी उतरायचं. दादा बादलीभर पाणी घेऊन गाडी धुवायचे, पुसायचे, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे आणि पुन्हा कव्हर घालायचे. सोमवारी सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसनं चाकणला निघायचे. तुझा धाकटा दीर विजय मोटरसायकलवरून तळवड्याला. मी माझ्या कंपनीच्या बसनं, चाकणलाच. गाडी दारात उभी.

आणि ती एकटी नव्हती. आपल्या गल्लीत घरटी एक चारचाकी झाली होती. कामाला कुणीच ती नेत नव्हतं. सगळ्यांच्या गाड्या भिंतींना चिकटून उभ्या, त्यामुळे पाण्याचा टँकर कोपऱ्यावरच थांबायचा आणि बायका तिथून पाइप ओढायच्या. तू एकदा ओट्यावर बसून मेथी निवडता निवडता म्हणाली होतीस, "आपल्यापेक्षा गाड्यांना जास्त आराम आहे."

तू शिकलीस ते मला आधीपासून माहीत होतं. रहाटणीच्या ड्रायव्हिंग स्कूलला जायचीस, तेव्हा घरात महिला मंडळाचं नाव सांगायचीस आणि तुझ्या मागे कुकरच्या शिट्ट्या मी मोजायचे. परत आलीस की स्वयंपाकघरात माझ्या कानाशी सगळा हिशोब: आज उताराला कशी थांबवली, आज रिक्षावाला कसा आडवा आला. शिकवणाऱ्या मुलाच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, याचा तुला राग होता. माझ्या आधी तोच दाबतो, मग मी शिकायचं कधी, असं म्हणायचीस.

लायसन मिळाल्यावर मात्र तू काही लपवलं नाहीस. जेवताना सरळ सांगितलंस.

"मला गाडीचं लायसन मिळालं."

दादांनी घास खाली ठेवला. "कशाला?"

"चालवायला."

त्यावर ते हसले, आणि मग हसण्यासारखं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. गल्लीतून बाहेर काढताना मलाच घाम फुटतो, तुला काय जमणार, असं काहीतरी पुटपुटले. चावी त्यांनी कपाटात युनिफॉर्मच्या घडीखाली ठेवली. ती कुठे आहे हे तुला ठाऊक होतं. पण तू वर्षभर तिला हात लावला नाहीस. मी विचारलं, तेव्हा म्हणालीस, उगाच फिरायला नेऊन काय करू, काम पडलं की बघू.

काम माझ्या निमित्तानं पडलं.

आमची बस सुरुवातीला गच्च भरून जायची. मी लागले तेव्हा उशिरा चढणाऱ्याला उभं राहावं लागायचं. मग पुरुषांनी एकेक करून मोटरसायकली घेतल्या. कुणाला ओव्हरटाइमनंतर थांबायला नको होतं, कुणाला येताना पोरांना क्लासहून आणायचं होतं. कुणाचंच चूक म्हणता येणार नाही. दर महिन्याला बसमधल्या दोनचार जागा रिकाम्या व्हायच्या आणि शेवटी आम्ही बायकाच उरलो, एकेका सीटवर एकेक जण ऐसपैस. आम्हाला मजाच वाटत होती. मग कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलं की इतक्या लोकांसाठी गाडी सोडणं परवडत नाही. पुढच्या सोमवारपासून बस भोसरीहून सुटेल, तिथवर ज्यानं त्यानं यायचं. पहाटे पिंपळे गुरवहून भोसरीला जायला रिक्षा मिळत नाही, आणि मिळाली तरी अंधारात एकटीनं बसायचा धीर होत नाही.

त्या रविवारी घरात बैठक झाली. विजयची तेव्हा रात्रपाळी सुरू होती, तो सकाळी मी निघाल्यावर घरी पोचायचा. दादांची बस कासारवाडीहून, तीही उलट्या वेळेला. ते समजुतीनंच म्हणाले की गाड्यांच्या वायरी जुळवायचं हार्नेसचं काम काय, घराजवळही मिळेल, बघू कुठेतरी. ओरडले असते तर मी भांडले असते. इतक्या मायेनं म्हणाले की भांडायला जागाच उरली नाही. मी त्या वेळी नुकतीच लाइन लीडर झाले होते. परभणीहून आले तेव्हा मला कनेक्टर म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि आता माझ्या हाताखाली एक अख्खी लाइन होती. ते घराजवळ कुठे मिळणार होतं?

बैठक उठल्यावर तू भांडी आवरलीस आणि झोपायला गेलीस.

सकाळी मी चहा ठेवत होते तर बाहेर काहीतरी ओढल्याचा आवाज. दारात येऊन बघते तर तू कव्हर ओढून काढत होतीस. रात्रीच्या दवानं ते जड झालं होतं. घडी न घालता तू ते ओट्यावर टाकलंस, चपला काढून पायाशी ठेवल्यास आणि अनवाणी पायांनी गाडीत बसलीस. चपलेत क्लच कळत नाही, हे तुझं शेवटपर्यंत होतं. दादा बनियनवर दारात आले. मला वाटलं आता होतंय काहीतरी. तू काच खाली केलीस आणि म्हणालीस, "हिला सोडून येते. पोहे भिजवून ठेवलेत, तेवढी फोडणी घाला."

गल्लीतून निघताना तू एकाही गाडीला घासली नाहीस. पुढे मात्र नाशिक फाट्याच्या पुलावर चढताना गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तू पुन्हा चावी फिरवलीस. भोसरीच्या स्टॉपवर आमच्या लाइनची रेखा दिसली, रहाटणीहून नवऱ्याला सोडायला लावून आलेली आणि रस्त्यात त्याच्याशी भांडून रडवेली झालेली. तिलाही घेतलं. मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या पुलावर दोन्ही बाजूंनी कंटेनर आले तेव्हा रेखा मागून हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही किती वर्षं झाली चालवता?" तू म्हणालीस, "आजच." त्यानंतर कुरुळीपर्यंत रेखानं पुढची सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली.

पहिला आठवडा तू सोडून परत यायचीस आणि दुपारी पुन्हा न्यायला. दादा तुझ्याशी बोलत नव्हते. पण रोज कपाटातली चावी दाराजवळच्या खिळ्याला लागलेली दिसायची. ती तू लावत नव्हतीस, मीही नाही. यावर आपण दोघी कधीच बोललो नाही.

इतके हेलपाटे कशाला म्हणून दुसऱ्या आठवड्यात तू आमच्या गेटसमोर गाडीतच थांबून बघितलंस. दोन दिवसांत कंटाळलीस. समोर लाकडी खोकी बांधण्याची पॅकिंगची शेड होती. तिथे जाऊन विचारलंस, आणि तिसऱ्या दिवशी तुला काम लागलं. लोक नोकरी लागली की गाडी घेतात. तुझ्याकडे गाडी होती म्हणून तुला नोकरी लागली, तीही पंचेचाळिशी ओलांडल्यावर, आयुष्यातली पहिली. ओळखपत्र गळ्यात घालून आलीस तेव्हा आरशात स्वतःला बघून घेतलंस. मागच्या सीटवरून मला दिसत होतं, हे तुला माहीत नव्हतं.

मग मंगलमावशी आल्या. मोशीच्या जुन्या घरातल्या, आमच्या कॅन्टीनला कामाला. त्यांच्या पोरांनी जमीन गेल्यावर दोन मोठ्या गाड्या घेतल्या होत्या आणि एकातही आईसाठी जागा नव्हती. त्या पुढच्या सीटवर बसायच्या आणि साऱ्या रस्त्याची मालकी गाजवायच्या. इथं आमचा गोठा व्हता, तिथं आमची विहीर व्हती. त्यांची विहीर आता एका शोरूमखाली होती.

त्या गाडीत काय काय बोललो आपण. रेखानं नवऱ्याच्या मारण्याचं पहिल्यांदा तिथेच सांगितलं. तू आरशात तिच्याकडे बघितलंस आणि आरसा थोडा वर केलास, म्हणजे तिला तोंड लपवता यावं. मग म्हणालीस की उद्यापासून भोसरीला येऊ नकोस, मी रहाटणीत तुझ्या दारात येते. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात हॉर्न वाजवलास, एकदा नाही, ती येईपर्यंत. रोज तसाच. शेजारीपाजारी बाहेर यायला लागले. दोन बायका रोज सकाळी दारात येऊन उभ्या राहतात म्हटल्यावर तो माणूस हळूहळू गुमान राहायला लागला. सगळं सुटलं असं नाही, पण रेखा कामावरून सुटली नाही. ती अजून आहे, आमच्याच लाइनला.

आणि दादांचा तो दिवस. संध्याकाळी परतताना कुरुळीच्या पुढे त्यांच्या कंपनीची बस बंद पडून कडेला लागलेली. माणसं रस्त्यावर उभी, त्यात दादा, हातात डब्याची पिशवी. तू गाडी बाजूला घेतलीस. त्यांचे सगळे सोबती बघत होते.

"बसा," तू म्हणालीस.

ते मागे आले, रेखा आणि मी सरकून घेतलं. मंगलमावशी पुढून वळून म्हणाल्या, "भाऊ, पाय आखडून घ्या, हितं समद्यांना बसायचं हाय." आपल्याच गाडीत दादा पिशवी मांडीवर घेऊन अंग चोरून बसले. मी बघत होते, तू गिअर बदललास की त्यांचा पाय नकळत दाबला जायचा. मोशीला मावशी उतरल्यावर पुढे तुंबलेलं दिसलं, तशी तू आळंदीच्या बाजूनं, चऱ्होलीतून गाडी काढलीस. चऱ्होलीतल्या नव्या इमारतींकडे बघत ते म्हणाले, "इकडून रस्ता आहे होय?" एवढंच. रात्री जेवताना मात्र विजयला सांगितलं, "तिची गाडी उद्या सर्व्हिसिंगला टाक." तिची. तू ताटातून वर बघितलं नाहीस.

आपलं एकच भांडण राहिलं, ताई.

मी बससाठी अर्ज करत होते. कंपनीतल्या बायकांना भेटून, पिंपळे गुरव, रहाटणी, काळेवाडी, जिथून जिथून येतात तिथून त्यांची गरज लिहून घेत होते. तुला ते आवडायचं नाही. बस दुसऱ्याची असते, त्याला वाटलं की तो बंद करतो, असं तू म्हणायचीस. मी म्हणायचे, तुझ्या गाडीत आम्ही तिघी मावतो, उरलेल्यांनी काय करायचं? त्यांनीही एकेक गाडी घेतली तर मोशीचा रस्ता हलणार तरी कसा? आमची बस तरी कशी गेली, घरोघर गाड्या आल्या म्हणूनच ना? तू म्हणायचीस, मग माझी पण गाडी त्यातच मोज. मी म्हणायचे, मोजते. मंगलमावशी मध्ये पडायच्या की सकाळच्या पारी नगं, आधी समोर बघ. आणि दुसऱ्या दिवशी आपण तिथूनच पुढे सुरू करायचो. त्यातच तुझं मला रोजचं एक, तू कधी शिकणार? मी म्हणायचे, बस आली की शिकायची गरज नाही.

मग तुझं पोट दुखायला लागलं. पहिल्या तपासण्यांना तू स्वतःच गाडी घेऊन गेलीस, शेडमधून अर्धी सुट्टी टाकून. रिपोर्ट दादांच्या हातात दिलेस. कॅन्सर हा शब्द घरात पहिल्यांदा तूच उच्चारलास, कारण बाकी कुणाच्यानं तो उच्चारवत नव्हता.

हॉस्पिटलच्या खिडकीतून हायवे दिसायचा. तू उशीला टेकून गाड्या बघत बसायचीस आणि कोण चुकीच्या बाजूनं घुसलं ते मला दाखवायचीस. एका दुपारी मी आले तर तू विचारलंस, बसचं काय झालं. मी उत्साहात सांगितलं की साहेबांनी यादी मागितली आहे, विचार करू म्हणालेत, या वेळी नाही म्हणाले नाहीत. तू ऐकून घेतलंस. खाली एक ट्रक उलटा वळत होता, तो वळेपर्यंत बघत राहिलीस.

"बस आली तर मी काय करू गं?"

मी काहीतरी म्हणाले. आधी बरी हो, मग बघू, असलं काहीतरी. नर्स आली, सलाइन बदललं, दादा फळं घेऊन आले, आणि तो विषय तिथेच राहिला. त्यानंतर आपण एकट्या अशा बसलोच नाही.

त्या प्रश्नावर मी रोज विचार करते. मी इतकी वर्षं रस्त्याचा हिशोब मांडत होते, किती गाड्या, किती माणसं. माझ्यासाठी ते कामावर पोचणं होतं. तुझ्यासाठी ते काय होतं, ते मी बघितलं होतं, आरशात, ओळखपत्राच्या दिवशी, तरी भांडताना ते कधी माझ्या मनात आलं नाही. बसचा माझा हट्ट अजूनही खरा आहे असंच मला वाटतं, आणि यादी मी परवाच पुन्हा दिली. पण तुला उत्तर द्यायचं राहिलं. मी म्हणाले असते की बस आली तरी तुझी शेड आहे, तुझा पगार आहे, तुला जायचंच आहे. मी बसमध्ये चढेन आणि तू गाडी काढ, आणि मोशीला आपण एकमेकींच्या शेजारून जाऊ, कोण आधी पोचतं ते बघू. तू हसली असतीस. निदान तेवढं तरी व्हायला हवं होतं.

तू गेल्यावर आम्ही तिघी आपापल्या वाटेनं जायला लागलो. मी दोन बस बदलून, रेखा कुणाच्या तरी मागे बसून, मावशी हात करून थांबेल त्या टेम्पोत. गाडीवर पुन्हा कव्हर आलं होतं. दादा रविवारीही तिला हात लावत नव्हते. दिवाळीनंतर रिटायर झालेत, दिवसभर ओट्यावर बसून असायचे, गाडीकडे पाठ करून.

काल सकाळी मी पर्स घेऊन बाहेर पडले तर गाडी कव्हरातून निघालेली. दादा स्टिअरिंगवर बसलेले, इस्त्रीच्या शर्टात. शेजारी पुढची सीट मोकळी. "चल," म्हणाले. मी म्हटलं, दादा, इतक्या गर्दीत कशाला, मी जाते बसनं. त्यांनी फक्त दार उघडून धरलं.

ते फार हळू चालवत होते. रहाटणीला रेखाच्या दारात थांबले आणि हॉर्न वाजवला. एकदाच, जरा संकोचून. ती बाहेर आली, गाडी बघितली आणि दारातच उभी राहिली. मग मागे येऊन बसली. नाशिक फाट्याच्या अलीकडे दादा म्हणाले, "ती इथं कुठल्या लेननं चढायची?"

मी सांगितलं, डावीकडून, बस मागे ठेवून. ते तसे चढले. भोसरीत पुन्हा विचारलं. रेखानं सांगितलं. मोशीला मंगलमावशी स्टॉपवर होत्या. मी उतरून मागे रेखाशेजारी गेले. मावशी पुढे तुझ्या शेजारच्या, म्हणजे आता दादांच्या शेजारच्या सीटवर बसल्या. समोर कंटेनरांची रांग लागली होती.

"इथून ती काय करायची?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, हा रस्ता तुम्ही उभा जन्म बघितलाय. आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे."

त्यांनी नजर समोरच ठेवली.

"रस्ता माहीत आहे गं," ते म्हणाले. "ती कशी जायची, ते सांगा मला."

मग मंगलमावशींनी सुरुवात केली, की हितं ती त्या ट्रकवाल्याला हात करायची, आणि रेखा म्हणाली की नाही, आधी आरसा बघायची, आणि मी म्हटलं की पुलावर ती कायम गप्प असायची, पूल संपला की बोलायची. दादा विचारत राहिले. आम्ही तिघी सांगत राहिलो, एकीचं तोडत दुसरी, कुरुळी आली, चाकण आलं, कंपनीचं गेट आलं तरी.